अंकुशनगरचे बर्फाचे बूट

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. धावड्याच्या थांब्यावर मी आणि नाना, म्हणजे माझे वडील, भोकरदनच्या गाडीची वाट बघत उभे होतो. अजिंठ्याच्या डोंगराकडून गार वारा सुटला होता आणि नानांनी मफलर कानावरून घट्ट बांधला होता. गावातल्या एका ओळखीच्या माणसाने मोटारसायकल थांबवली.

"नाना, सकाळी सकाळी कुठं?"

"अंकुशनगरला."

"कारखान्यावर? तुमचा तर ऊस न्हाई."

"बूट आणायला चाल्लो. पोरीचे. बर्फावर घालायचे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. किक मारली आणि निघून गेला. नाना मात्र गंभीर होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला भिंतीला टाच टेकवून जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं होतं, पेन्सिलीने दोन्ही पावलं काढली होती आणि सुताराच्या टेपने मोजली होती. तो कागद घडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

मी पुण्यात एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. काही वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेले, दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फावरून उतरायला शिकले आणि त्या नादाला लागले. दर हिवाळ्यात सुट्टी वाचवून जायचं, पडायचं, परत यायचं. या फळीला स्नोबोर्ड म्हणतात एवढं आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याचे बूट दोन जातींचे असतात, हे मात्र मलाही उशिरा कळलं. एक मऊ, लेसचे, कुठल्याही दुकानात भाड्याने मिळणारे. दुसरे कडक. बाहेरून जाड प्लास्टिकचं कवच, आत फोमचं अस्तर (याला लायनर म्हणतात) आणि वर धातूच्या कड्या. झेंड्यांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीची फळी अरुंद असते, तिला हे कडक बूटच लागतात. अंग झुकलं की त्याच क्षणी फळी वळली पाहिजे. पाय आत जरासा हलला तर फळीला ते उशिरा कळतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत या शर्यतीसाठी नवीन लोकांची निवड चाचणी होती. वयाची अट होती आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. गुलमर्गला मला शिकवणारे बशीरभाई फोनवर म्हणाले होते, "नाम दे दो. तुम्हारा हो जाएगा. लेकिन जूता अपना लाना. यहाँ तुम्हारे नाप का नहीं है."

माझ्या लहान पावलाचे कडक बूट देशात कुठे मिळेनात. शेवटी स्नोबोर्ड खेळणाऱ्यांच्या एका गटावर मी विचारलं. दोन दिवसांनी ऑस्ट्रियातून एका बाईंचं उत्तर आलं, तेही मराठीत. "माझे जुने आहेत. पण इथे नाहीत, माहेरी ठेवलेत. अंकुशनगरला. जालना जिल्हा. तू कुठली?"

मी लिहिलं, "धावड्याची. भोकरदन तालुका." त्यानंतर आम्ही दोघी फोनवर कितीतरी वेळ नुसत्या हसत होतो. तिचं नाव मंजिरी. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. ती शिकायला तिकडे गेली, तिथेच राहिली, दोन मुलं झाली, खेळ सुटला. एकदा सामान आणताना बूट आईकडे ठेवून गेली. "पाय सेंटिमीटरमध्ये मोज," तिने सांगितलं. "चपलेचा नंबर विसर. आणि संध्याकाळी मोज, दिवसभराने पाय पसरतो." माप जुळलं. राहिलं होतं ते फक्त घालून बघणं.

भोकरदनला उतरलो तर जालन्याची गाडी लागलेलीच होती, पण नानांना चहा पाहिजे होता. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गरम भजी तळून निघत होती. नानांनी तिखट मिरची मीठ लावून खाल्ली आणि समोरच्या चपलांच्या दुकानाकडे मान केली.

"तुझे शाळेचे बूट तिथूनच घ्यायचो. आठवतंय का माय?"

आठवत होतं. मला बाकड्यावर बसवून नाना स्वतः बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायचे. आत अंगठाभर जागा असली तरच बूट पसंत. दुकानदार म्हणायचा, पोरीचा पाय आता वाढतोय, दोन बोटं सोडा. जून महिन्यात मी ते बूट घालून फटफट आवाज करत शाळेत जायचे आणि फेब्रुवारीत ते पायाला बसायचे.

गाडीत नानांनी त्यामागची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. ते आठवीला भोकरदनच्या शाळेत असताना चुलत्याने त्यांना स्वतःच्या मुलाचे आखूड झालेले बूट दिले होते. "घालून चालायचो. घरी सांगायची सोय नव्हती, दिलेत म्हणल्यावर. अंगठ्याचं नख काळं होऊन गळून गेल्तं. बोट वाकडं झालं ते झालंच." त्यांनी चपलेतून पाय बाहेर काढून दाखवला. ते वाकडं बोट मी आयुष्यभर बघत आले होते आणि कधी विचारलं नव्हतं.

राजूरला गणपतीच्या दर्शनाचे लोक चढले आणि बोलणं थांबलं. जालन्याला गाडी बदलली. अंबडच्या रस्त्याला लागलो आणि खिडकीतून मोसंबीच्या फुलांचा वास आत आला. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना कसा सांगावा? गोड असतो, पण जड नसतो. बागाच्या बागा पांढऱ्या कळ्यांनी भरल्या होत्या. नाना प्रत्येक बागेकडे शेतकऱ्याच्या नजरेने बघत होते. "हिला पाण्याचा ताण बराबर दिलाय," असं एखाद्या बागेविषयी म्हणायचे आणि पुढच्या बागेवर काहीच बोलायचे नाहीत.

अंबडच्या पुढे आमची गाडी अडकली. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्यात कलंडली होती. मोळ्या पसरल्या होत्या आणि ऊसतोड करणारी माणसं, बाया, सगळे मिळून त्या परत भरत होते. दोन्ही बाजूंना वाहनांची रांग. प्रवासी उतरून सांडलेल्या उसाचे तुकडे तोडून चघळायला लागले. आमच्या कंडक्टरनेही एक कांडं सोललं. मला मजा वाटत होती. नाना सारखे सूर्याकडे बघत होते. आई माझ्या मामाकडे गेली होती, घरी म्हैस होती, आणि जालन्याहून भोकरदनला जाणारी सोयीची गाडी चुकली की पुढे धावड्यापर्यंत पोचायची पंचाईत होती.

"जल्दी करा राव," नाना ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले.

"तुम्हीच हात लावा मंग काका," तो म्हणाला. नानांनी खरंच धोतराचा सोगा खोचला आणि मोळ्या उचलायला लागले.

अंकुशनगरला पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता, मळीचा (साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक) आंबूस गोड वास सगळीकडे होता. वसाहतीपलीकडे मंजिरीच्या आईवडिलांचं छोटं घर होतं. पुढे पेरूचं झाड आणि झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या. काका, म्हणजे तिचे वडील, फाटकाशीच उभे होते. तिच्या आईने, मावशींनी, पाणी दिलं, आणि विचारलं नाही की जेवणार का, सरळ ताटंच आणली. धपाटे, दही, आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ घालून केलेली). उन्हात चालून आलेल्या माणसाला त्या आमटीचा पहिला घोट जे देतो ते मी पुण्यात कितीदा आठवते.

"तुमच्या पोरीला बर्फात पाठवायला भीती न्हाई वाटत?" मावशींनी नानांना विचारलं.

"वाटती ना. तुम्हाला वाटली नव्हती?"

"अजून वाटती. आता तर ती खेळत बी न्हाई."

मग त्यांनी आतून बूट आणले. जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळलेले. गाठ सोडली तेव्हा पांढरे, जागोजागी ओरखडे पडलेले बूट बाहेर आले. मावशींनी ते ओल्या फडक्याने पुसून, आतून उन्हात वाळवून ठेवले होते. कड्यांना मशीनच्या तेलाचा वास होता. काकांनी घातलं असणार. "ह्या बुटांचं काय करायचं, दर दिवाळीला साफसफाई काढली की आमचं भांडण," काका म्हणाले. "ही टाकू देत नाही."

"टाकायचे कसे? पोरीचे पाय आहेत त्यात," मावशी म्हणाल्या.

काकांनी मंजिरीला व्हिडिओ कॉल लावला. मागे तिच्या खिडकीत बर्फ दिसत होता आणि इकडे आम्ही पेरूच्या सावलीत. तिने मला एकेक सांगायला सुरुवात केली. "आधी आतलं अस्तर उपसून काढ. नुसत्या कवचात पाय घाल. बोटं पुढे टेकव. आता टाचेमागे किती जागा राहते ते कुणाला तरी बोट घालून बघायला सांग."

नाना पुढे झाले. मातीत बसून त्यांनी माझ्या टाचेमागे आपलं बोट घातलं. "एक बसतंय. दुसरं न्हाई जात."

"तुमचं बोट जाड आहे ना काका?" मंजिरी हसत म्हणाली. "मग अगदी बरोबर आहे. याहून मोठा नको. आता अस्तर परत घाल. मोजा एकच, पातळ. कड्या खालून वर लावत ये—"

तेवढ्यात लाईट गेली. घरातलं वायफाय बंद पडलं आणि मंजिरीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने तसाच राहिला. काकांनी अंगणभर फिरून मोबाईलची रेंज शोधली. लागेना. "येईल आता लाईट," ते म्हणाले.

मी अस्तर घातलं, बूट चढवले, कड्या लावल्या आणि उभी राहिले.

पायाची बोटं पुढे टेकली. नुसती टेकली नाहीत, दाबली गेली. घोट्याभोवती सगळीकडून पकड बसली. मला सवय होती मऊ बुटांची, ज्यात बोटं हलवता येतात. मी दोन पावलं टाकली. हे बूट चालण्यासाठी नसतातच, त्यामुळे लाकडी पायांवर चालल्यासारखं वाटलं. कडक बूट सुरुवातीला आवळतात असं मी वाचलं होतं. पण पाय दुखत असताना वाचलेलं आठवत नाही, किंवा आठवलं तरी आपल्याला लागू पडेल असं वाटत नाही.

माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार. नाना म्हणाले, "लागून राह्यलंय का?"

"थोडं."

"कुठं?"

"अंगठ्याला."

नानांनी वाकून बुटाचं टोक दाबलं. प्लास्टिक कसलं दबतंय? ते उठले आणि हलक्या आवाजात, मावशींना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "नको घेऊ माय. पायापेक्षा बूट महत्त्वाचा न्हाई. दुसरे भेटतील."

मला वाटलं, थोडं बसून बघावं. लाईट येऊ द्यावी. पण नानांचं लक्ष पश्चिमेकडे होतं, मावशींनी दुसरा चहा ठेवला होता, आणि कुणाच्या घरी जाऊन बूट घालून नुसतं बसून राहायचं हे मलाच अवघड वाटत होतं. शिवाय गाडीत नानांनी दाखवलेलं ते बोट डोळ्यांसमोर होतं. नाना आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खेळासाठी घर सोडून दिवसभर माझ्याबरोबर आले होते. मी कड्या सोडल्या.

"लहान होतात हो मावशी," मी म्हणाले.

"असं का?" मावशी म्हणाल्या. एवढंच. बूट त्यांनी परत लुगड्यात ठेवले, पण गाठ मारायला त्यांना वेळ लागला. निघताना त्यांनी मला पिशवीभर पेरू दिले. काका थांब्यापर्यंत आले. आम्हाला गाडी मिळाली, जालन्याला पुढची मिळाली, म्हशीची धार वेळेवर निघाली. सगळं सुरळीत झालं.

फेब्रुवारीत मी गुलमर्गला गेले. दिल्लीच्या एका ओळखीच्या खेळाडूने आपले बूट वापरायला दिले होते. माझ्या पायाला मोठे होते. घालताना इतकं बरं वाटलं, बोटं मोकळी हलत होती. मी आत जाड मोजे घातले, टाचेशी फोमचे तुकडे लावले, कड्या शेवटच्या दातापर्यंत ओढल्या. सरावात पहिल्याच उतारावर कळलं. मी झुकत होते आणि आत माझी टाच वर उचलली जात होती. फळी वळायची, पण मी सांगितल्यावर जरा वेळाने. सावकाश उतरताना ते खपून जायचं.

चाचणीच्या दिवशी ऊन होतं, बर्फ पहाटे गोठून कडक झाला होता. वरचे झेंडे मी नीट काढले. मध्ये उतार तीव्र होतो तिथे टाच उठली, फळी वळली नाही, आणि मी झेंड्याच्या बाहेरून सरळ खाली गेले. पडलेही नाही. नुसती बाहेर गेले. दुसरी फेरी होती, तीत मी भीतीने इतकी सावकाश उतरले की वेळेकडे कुणी बघितलंही नसेल.

बशीरभाई माझ्याजवळ येऊन बर्फात गुडघ्यावर बसले. त्यांनी बुटाची वरची कडी उघडून आत हात घातला.

"यह तो बड़ा है. छोटा नहीं मिला?"

"मिला था. चुभ रहा था."

"खड़े-खड़े?"

"हाँ."

"खड़े होकर तो चुभेगा ही. घुटना मोड़ा था?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी कडी परत लावली. वरून पुढचं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही रस्त्यातून बाजूला झालो.

मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा आटोपून मी धावड्याला निघाले, पण जालन्याला उतरल्यावर भोकरदनच्या गाडीत बसले नाही. अंबडच्या बसले. कशासाठी, हे मी स्वतःला नीट सांगू शकत नव्हते. निवड झाली होती, ती माझ्याविना झाली होती. पण ते बूट खरंच लहान होते का, हे मला कळायला हवं होतं. लहान निघाले असते तर किती बरं झालं असतं!

मोसंबीची फुलं गळून गेली होती, झाडांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. रस्त्यावर उसाच्या गाड्या तुरळक दिसत होत्या. कारखान्याजवळच्या माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या (उसाच्या पाचटाच्या झोपड्या) अर्ध्या मोडलेल्या होत्या. बरीच कुटुंबं गावी परतली होती. एका बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि एक म्हातारी बाई बसून चालली होती. मी बघतेय असं दिसल्यावर तिने हात हलवला.

मावशी एकट्याच घरी होत्या, काका अंबडला गेले होते. मला बघून त्यांनी आत जाऊन लुगड्याचं गाठोडं आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं.

या वेळी मी एकच पातळ मोजा घातला. खालून वर कड्या लावत आले, आधी सैल, मग बेताच्या. टाच मागे आपटून बसवली. उभी राहिले. बोटं टेकली, दाबली, अगदी तसंच. मग मी गुडघे पुढे वाकवले, फळीवर वाकवते तसे. टाच मागच्या खोबणीत सरकली आणि बोटं सुटली. समोर हलकासा स्पर्श राहिला, दुखणं नाही. मी टाच उचलायचा प्रयत्न केला. उचलली जाईना. मी तशीच पेरूच्या झाडाखाली बसून राहिले. आतलं अस्तर अंगाच्या उबेने हळूहळू मऊ होत गेलं आणि घोट्याच्या हाडाशी जे टोचत होतं तेही गेलं. मावशी शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

"बसले ना?" त्या ताटातून मान वर न करता म्हणाल्या.

"बसले."

"मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर लाईट आल्ती ना. मंजूचा फोन आला. लई चिडली आमच्यावर. म्हणली, आई, लगेच कामून काढू दिले? अर्धा तास घालून बसवायचं असतं. मला बी पहिल्यांदा असंच लागल्तं. पोरीला फोन कर म्हणली."

"मग तुम्ही केला नाही?"

मावशींनी ताट बाजूला ठेवलं. "फोन हातात घेतला होता. मंग वाटलं, पोरीला दुसऱ्याचे जुने बूट नको वाटले असतील, तोंडावर कसं बोलणार, म्हणून लहान होतात म्हणली असंल. आपण कशाला गळ घालायची? मंजूला सांगितलं, फोन लागत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तिकडं काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पदराने माझ्या बुटावर पडलेली पेरूची वाळकी पानं झटकली, जणू ते अजून बर्फात जायचे होते. "घेऊन जा आता," त्या म्हणाल्या. "इथं ठेवून मला बी बघवणार न्हाईत."

धावड्याला पोचले तेव्हा नाना अंगणात कडबा तोडत होते. माझ्या पाठीवरच्या पिशवीचा आकार त्यांनी लांबूनच ओळखला. विळा खाली ठेवला.

"अंकुशनगरला गेल्ती?"

"हो."

"बसले?"

वाटेत राजूरपासून मी याच प्रश्नाचा विचार करत आले होते. नाही म्हणायचं असं जवळजवळ ठरवलंही होतं. पण मग बूट आणलेच कशाला, याला उत्तर नव्हतं. आणि नानांना मी आजवर पायाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. जून महिन्यातले ते मोठे बूटसुद्धा, मोठे होतात असंच सांगायचे.

"बसले, नाना."

"बराबर?"

"बिलकुल. उभं राहिलं की लागतात, गुडघे वाकवले की सुटतात. त्यांचं तसंच असतं. मला माहीत नव्हतं."

ते ओट्यावर बसले. पिशवीतून एक बूट काढून त्यांनी त्याचं टोक अंगठ्याने दाबलं. मग म्हणाले, "म्या गाडीची घाई केली."

"काढले मी. तुम्ही नुसतं विचारलं, लागतंय का."

"इचारलं न्हाई. म्या सांगितलं, नको घेऊ."

ते खरं होतं. आणि ते ज्या मायेने सांगितलं होतं तेही खरं होतं. त्या दिवशी पेरूच्या झाडाखाली कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. नानांना माझा पाय जपायचा होता. मला नानांचं मन मोडायचं नव्हतं. मावशींना माझ्यावर भीड घालायची नव्हती. इतक्या चांगुलपणात दोष कुणाला द्यायचा, म्हणून तो कुणालाच देता येत नाही आणि हळहळ मात्र जिथल्या तिथे राहते. कुणी एकाने जरा आडमुठेपणा केला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मीच म्हणाले असते, नाना, गाडी चुकू द्या.

"घाल बरं," नाना म्हणाले. "मला बघू दे."

मी ओट्यावर बसून बूट घातले आणि अंगणात फिरून दाखवलं. कोंबड्या कडब्याच्या मागे पळाल्या. नानांनी मला गुडघे वाकवायला लावले, पुन्हा सरळ उभं केलं, पुन्हा वाकवायला लावले. प्रत्येक वेळी विचारत होते, आता लागतंय? आता? त्यांना ते नीट समजून घ्यायचं होतं.

"पुढल्या साली घेतील का मंग?"

"त्या निवडीत नाही. वय झालं माझं."

"ते झालं. नुसतं जायचं म्हणलं, आपल्या आनंदानं, तर?"

"नुसतं जाता येतं."

"मंग जाशील?"

"जाईन," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून इतक्या पटकन म्हणाले की ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी मान हलवली, विळा उचलला आणि राहिलेला कडबा तोडायला वळले. मी अंगणात तशीच उभी राहिले, पायांत नेमक्या मापाचे बूट आणि समोर मार्चचं ऊन.